‘निष्क्रिय’ या शेऱ्याविषयी

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेच्या जुन्या दफ्तरात एक नोंदवही माझ्या हाती आली. लांबट आकाराची, जाड पुठ्ठ्याची, महसूल खात्यात पूर्वी असत तशी ती वही होती. आणि खाडीकाठच्या कुजलेल्या लाकडांवरून, कांदळवनातल्या गाळातून व किनाऱ्यावरच्या वाळूतून वेगळ्या केलेल्या बुरशींची तिच्यात रीतसर नोंद होती : वाणाचा क्रमांक, मिळाल्याचे ठिकाण, तारीख, आणि अखेरच्या रकान्यात शेरा. पानामागून पान उलटले तरी तो शेरा बहुधा एकच होता, ‘निष्क्रिय’. म्हणजे ज्या जिवाणूंविरुद्ध या बुरशींची परीक्षा घेण्यात आली, त्यांची वाढ रोखण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आढळले नाही. ती बुरशी कोणत्या माध्यमावर वाढविली होती, ते माध्यम नळाच्या पाण्यात कालविले होते की समुद्राच्या, ती किती दिवस व किती उष्णतेत ठेवली होती, चंबू हलता होता की स्थिर, यांपैकी एकाही गोष्टीसाठी त्या वहीत रकाना नव्हता. चौकशी करता कळले की, शीतकपाटात जागा व्हावी म्हणून निष्क्रिय ठरलेले वाण केव्हाच टाकून देण्यात आले होते. माझ्या मनाला त्या दिवशी जी हळहळ लागली ती आजवर गेलेली नाही.

या लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते त्या अखेरच्या रकान्यापुरतेच आहे. समुद्रातील एखादी बुरशी जिवाणूनाशक द्रव्य निर्माण करते की नाही, हा प्रश्न ती कोणत्या परिस्थितीत वाढली हे सांगितल्यावाचून विचारताच येत नाही. आणि परिस्थितीचा उल्लेख गाळून दिलेला ‘निष्क्रिय’ हा शेरा, कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेला असला तरी, शास्त्रीय निष्कर्ष ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातले लोणचे, शिळी भाकरी, फार तर कपाटात विसरलेला चामड्याचा जोडा येतो. समुद्रात बुरशी असते हेच अनेकांना नवल वाटते. परंतु भरतीबरोबर वाहून आलेल्या ओंडक्याची एक ढलपी ओल्या टिपकागदासह झाकणाच्या डब्यात काही आठवडे ठेवावी आणि मग भिंगाखाली धरावी : लाकडाच्या रेषांमधून टाचणीच्या डोक्याहून बारीक, काळे, कोठे कोठे चोच काढलेले ठिपके वर आलेले दिसतात, आणि त्यांतील एखादा काचपट्टीवर अलगद दाबला की त्यातून स्वच्छ, पारदर्शक बीजाणू बाहेर पडतात. कित्येकांच्या टोकांना बारीक शेपट्या वा तंतू असतात. पाण्यात तरंगत राहावे आणि लाकडाला वा वाळूच्या कणाला बिलगता यावे म्हणून त्यांची ही सिद्धता. किनाऱ्यावर लाटेने टाकलेला फेस उचलून तपासला तरी त्यात असे बीजाणू सापडतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील लाकडांतून अशा बुरशींची नोंद बी. डी. बोरसे यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कष्टाने केली. आणि गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील चंद्रलता व शेषगिरी रघुकुमार यांनी तर चागोस गर्तेतील ५९०० मीटर खोलीवरच्या गाळातून जिवंत बुरशी मिळविली.

मात्र समुद्रात सापडते ती प्रत्येक बुरशी समुद्राचीच असते असे नाही. कोलमायर दांपत्याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात जो भेद रूढ केला तो येथे उपयोगी पडतो : काही जाती केवळ समुद्रात वा खाडीतच वाढतात व बीजाणू धरतात, तर काही मूळच्या जमिनीवरच्या वा गोड्या पाण्यातल्या असून समुद्रातही तग धरतात. प्रयोगशाळेच्या बशीवर भराभर पसरून आपले लक्ष वेधून घेणारी पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस ही मंडळी बहुधा दुसऱ्या वर्गातली असतात. पहिल्या वर्गातल्या संथ आणि खाऱ्या पाण्यावाचून कोमेजणाऱ्या बुरशी त्यांच्या गर्दीत झाकून जातात. या दोघींना एकाच माध्यमावर बसवून एकाच आठवड्याच्या अखेरीस एकच प्रश्न विचारणे म्हणजे एकीच्या सोयीने दुसरीचा न्याय करणे होय.

या विषयातील सर्वांत थोर दाखला इटलीच्या सार्डिनिया बेटावरचा आहे, आणि तो मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण तो जितक्या वेळा सांगितला जातो तितक्या वेळा त्यातला महत्त्वाचा भाग गाळला जातो. काल्यारी शहरातील आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्सू यांच्या नजरेस असे आले की, शहराचे सांडपाणी जेथे समुद्रास मिळते त्या सू सिक्कू नावाच्या जागी तरुण मंडळी बेलाशक पोहतात, तरी विषमज्वराचे प्रमाण अपेक्षेइतके नाही. त्या पाण्यात विषमज्वराच्या जंतूंना मारणारे काहीतरी असावे असा तर्क करून त्यांनी १९४५ मध्ये तेथील पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. त्या काळी तिला सेफॅलोस्पोरियम ॲक्रिमोनियम म्हणत. तिच्या संवर्धनाचा कच्चा निस्यंद त्यांनी रोग्यांवर वापरून पाहिला आणि त्यांना आशादायक गुण दिसला. पुढचे शुद्धीकरण करण्यास युद्धाने खंगलेल्या त्या बेटावर ना साधने होती ना पैसा. म्हणून १९४८ मध्ये आपले निरीक्षण एका स्थानिक पत्रिकेत छापून, एका इंग्रज डॉक्टरच्या मध्यस्थीने, त्यांनी ती बुरशी ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडे धाडली.

कथा येथे बहुधा संपविली जाते आणि ‘अशा रीतीने सेफॅलोस्पोरिन सापडले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ऑक्सफर्डला प्रथम जे हाती लागले ते ब्रोत्सूंना हवे असलेले द्रव्य नव्हतेच. संवर्धनातून सेंद्रिय द्रावकाने जे वेगळे निघाले त्याला सेफॅलोस्पोरिन पी म्हणतात. त्याचा परिणाम ग्राम-धन जिवाणूंपुरता मर्यादित होता आणि विषमज्वराच्या जंतूंवरील गुणाचा त्याने उलगडा होत नव्हता. तेव्हा एडवर्ड एब्रहॅम आणि गाय न्यूटन यांनी उरलेल्या पाण्यात शोध घेतला आणि दुसरे द्रव्य मिळविले, सेफॅलोस्पोरिन एन. पण तपासाअंती ते पेनिसिलिनाच्याच कुळातले निघाले आणि त्याचे नावही पुढे पेनिसिलिन एन असे बदलले. या दुसऱ्या द्रव्याचे शुद्धीकरण चालले असताना, १९५३ मध्ये, त्याच्या आडोशाला दडलेले तिसरे द्रव्य अत्यल्प प्रमाणात हाती आले. ते सेफॅलोस्पोरिन सी. पेनिसिलिनाचा नाश करणाऱ्या जिवाणूंच्या विकरास ते दाद देत नव्हते, आणि आज आपल्या प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असणाऱ्या औषधांच्या एका विशाल कुटुंबाचे ते मूळ ठरले. ब्रोत्सूंनी ज्या विषमज्वरापासून आरंभ केला, त्याच विषमज्वरावर आज आपल्याकडे सेफट्रायॅक्सोन आणि सेफिक्सीम ही त्याच कुळातली औषधे दिली जातात.

एकच बुरशी आणि तिच्या पोटी तीन निराळी द्रव्ये. यांपैकी कोणते किती मिळावे हे कशावर अवलंबून होते, याचा खुलासा पुढील दशकांत झाला आणि माझ्या मुद्द्याचा गाभा तेथेच आहे. या बुरशीच्या देहात पेनिसिलिन एन हे सेफॅलोस्पोरिन सी च्या वाटेवरचे अलीकडचे ठाणे आहे; तेथून पुढे जाण्यासाठी ज्या विकराची गरज असते त्याला प्राणवायू लागतो. संवर्धनात विरघळलेला प्राणवायू अपुरा पडला की पेनिसिलिन एन साचून राहते आणि सेफॅलोस्पोरिन सी चे उत्पादन घटते. माध्यमात मेथिओनिन घातले की तेच उत्पादन वाढते, आणि ग्लुकोजची रेलचेल झाली की ते दबते. म्हणजे सू सिक्कूची हीच बुरशी एखाद्याने साखरेने भरलेल्या, हवा न खेळणाऱ्या चंबूत वाढविली असती, तर ‘या बुरशीत नवे काही नाही, थोडे पेनिसिलिन आहे’ असा शेरा त्याने प्रामाणिकपणे मारला असता. त्याच्या प्रामाणिकपणात खोट निघाली नसती आणि जगाचे मात्र अपरिमित नुकसान झाले असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आक्षेपक म्हणतो की, द्रव्य निर्माण करण्याची पात्रता जनुकांत असते; परिस्थिती फार तर त्याचे प्रमाण कमीअधिक करील, जे मुळात नाही ते ती कोठून आणणार? या आक्षेपाचे पहिले उत्तर खुद्द पेनिसिलिनाच्या इतिहासात आहे. ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी रुग्णशय्येवरच्या पात्रांच्या धर्तीची चिनी मातीची उथळ भांडी करवून त्यांत बुरशीची साय धरली आणि थेंबाथेंबाने पेनिसिलिन गोळा केले. १९४१ च्या जुलैत ते व फ्लोरी अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील पिओरिया येथील कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत पोहोचले, तेव्हा तेथील अँड्र्यू मॉयर यांनी साखरेच्या जागी लॅक्टोज घातले आणि मक्यापासून स्टार्च काढताना मागे उरणारे, त्या मुलुखात मुबलक पडून असलेले, मक्याच्या भिजवणीचे दाट पाणी माध्यमात मिसळले. उत्पादन कित्येक पटींनी वाढले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र त्याबरोबर द्रव्यही बदलले, हे फारसे कोणी सांगत नाही. इंग्लंडात मिळत असलेले पेनिसिलिन एफ होते; अमेरिकेत मक्याच्या पाण्यावर मिळाले ते पेनिसिलिन जी, कारण त्या पाण्यात फेनिल-ॲसेटिक आम्लाच्या जातीचे घटक होते आणि बुरशीने तेच उचलून आपल्या रेणूच्या बाजूला जोडले. पुढे वाणही बदलले गेले, पिओरियाच्याच एका खरबुजावरची बुरशी आणि तिची किरणांनी घडविलेली वंशावळ कामास आली, आणि उत्पादनवाढीच्या श्रेयाचा मोठा वाटा त्या वाणांचा आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि अन्न पालटल्याने रेणूच पालटला, ही वस्तुस्थिती त्याने पुसली जात नाही.

दुसरे उत्तर जनुकशास्त्रानेच दिले आहे. २००५ मध्ये ॲस्परजिलसच्या जातींचे जनुकसंच वाचून झाले तेव्हा असे दिसले की, या बुरशींजवळ दुय्यम द्रव्ये घडविणारे जनुकांचे पुंजके डझनांनी आहेत, आणि त्यांच्यापासून प्रत्यक्ष मिळालेली द्रव्ये त्या मानाने फारच थोडी आहेत. बहुसंख्य पुंजके प्रयोगशाळेत मुके राहतात. आपल्याकडे पूर्वी सनद असणे आणि अंमल बसणे यांत फरक केला जाई; सरदाराच्या पेटीत सनद असली म्हणून त्या परगण्यात त्याचा अंमल असेच असे नव्हते. जनुक ही सनद आहे. अंमल बसतो तो पाणी, अन्न, आम्लता, उजेड, उष्णता आणि शेजार यांच्या संमतीने. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत पेनिसिलिनाची जनुके जागी करणारा पॅक-सी नावाचे नियामक प्रथिन भोवताल अल्कधर्मी असेल तर सक्रिय होते आणि आम्लधर्मी असेल तर स्वस्थ बसते. आता समुद्राचे पाणी घ्या : त्याचा सामू सुमारे ८.१, म्हणजे अल्कधर्मी. आणि बुरशी वाढविण्याचे आपले नेहमीचे बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यम घ्या : त्याचा सामू सुमारे ५.६, आणि लिटरमागे वीस ग्रॅम डेक्स्ट्रोज. बुरशीला समुद्रातून काढून आपण आंबट आणि अतिगोड जागी आणून बसवितो. तेथे ती फोफावते हे खरे. परंतु ज्या द्रव्यासाठी तिला आणली ते फोफावण्याच्या काळात बहुधा तयार होतच नाही. अन्नाची चणचण भासू लागली, वाढीचा वेग ओसरला, की मग ही दुय्यम द्रव्ये निर्माण होऊ लागतात. सर्वोत्तम वाढीची परिस्थिती आणि सर्वोत्तम औषधाची परिस्थिती या दोन वेगळ्या असू शकतात, ही गोष्ट प्रत्येक नवशिक्या संशोधकास पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे.

खारेपणाचा प्रभाव कसा असतो, याचे एक सरळ सूत्र सांगता आले असते तर हा लेख लहान झाला असता. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. काही वाण पूर्ण खाऱ्या माध्यमात अधिक जिवाणूनाशक द्रव्य देतात, काही निमखाऱ्या, तर काही समुद्रातून आणलेले असूनही गोड्या पाण्यात. शिवाय क्षार म्हणजे केवळ मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम ब्रोमाइड असते, आणि बुरशी ते प्रसंगी रेणूत गोवते. ग्रिझिओफुल्विन या बुरशीजन्य औषधात क्लोरीनचा एक अणू असतो, पण माध्यमात क्लोराइडऐवजी ब्रोमाइड दिले तर त्याच जागी ब्रोमीन बसविलेला रेणू मिळतो. तेव्हा प्रयोगशाळेत साधे मीठ कालवून ‘आम्ही समुद्राची परिस्थिती निर्माण केली’ म्हणणे अपुरे आहे.

‘मग नैसर्गिक परिस्थिती हुबेहूब उभी करा म्हणजे झाले’ असे कोणी म्हणेल. पण नैसर्गिक म्हणजे कोणती? मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या नद्यांच्या मुखांकडे पाहावे. वैशाखात कांदळवनाच्या मुळांशी जे पाणी असते ते जवळजवळ समुद्राइतके खारे असते. आषाढात, डोंगरावरचे लाल पाणी लोटू लागले की, त्याच मुळांशी वरच्या थरातले पाणी गोडे म्हणावे इतके पालटते. तिवराच्या एकाच खुंटावर वाढणाऱ्या बुरशीने वर्षाच्या आत दोन जगे पाहिलेली असतात, आणि दिवसातून दोनदा ती ओहोटीने उघडी पडून उन्हात तापते ती वेगळीच. कोकणच्या प्रत्येक खाडीची थोडीफार हीच तऱ्हा आहे. अशा जीवाला एकच खारेपणा ‘त्याचा’ म्हणून नेमून देणे हा आपल्या सोयीचा करार आहे, त्यात त्याची संमती नाही.

शेजाराची गोष्ट याहूनही मार्मिक आहे. निसर्गात कोणतीही बुरशी एकटी नसते. प्रयोगशाळेत मात्र शुद्ध संवर्धन हा आपला धर्म आहे, आणि रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून त्या धर्माने विज्ञानावर अनंत उपकार केले आहेत. परंतु ज्या शस्त्राची गरज शत्रू समोर आल्यावरच पडते, ते शस्त्र एकांतात का उपसले जावे? कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील विल्यम फेनिकल यांच्या गटाने बहामा बेटांच्या परिसरातील एका तपकिरी शैवलावरची पेस्टालोशिया वर्गाची बुरशी एका सागरी जिवाणूच्या सोबतीने वाढविली. २००१ मध्ये त्यांनी जाहीर केले की, बुरशी एकटी वाढविली किंवा जिवाणू एकटा वाढविला तर जे द्रव्य दिसत नाही ते दोघांना एकत्र ठेवल्यावर दिसते. त्याचे नाव पेस्टालोन, आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर ते मिलिलिटरमागे ३७ नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म मात्रेत परिणाम करते. त्याच संशोधकांनी पुढे २००७ मध्ये एका सागरी एमेरिसेला बुरशीला सॅलिनिस्पोरा या जिवाणूची सोबत देऊन एमेरिसेलामाइड नावाच्या द्रव्यांचे उत्पादन शंभर पटींच्या घरात वाढलेले दाखविले.

पेस्टालोनची गोष्ट मात्र एवढ्यावर थांबली नाही, आणि माझ्या पक्षास गैरसोयीचा असला तरी पुढचा भाग मी सांगितलाच पाहिजे. जर्मनीतील कोलोन विद्यापीठातील रसायनज्ञांनी हाच रेणू पुढे कृत्रिम रीतीने घडविला आणि तो शुद्ध स्वरूपात तपासला, तेव्हा त्याची परिणामकारकता मूळ दाव्याच्या मानाने फारच उणी भरली. नॅनोग्रॅमांच्या जागी मायक्रोग्रॅम लागले, म्हणजे अंतर सुमारे शंभर पटींचे. सोबतीने नवे द्रव्य निर्माण झाले, हा निष्कर्ष याने खोटा ठरत नाही. ते द्रव्य अजोड औषध आहे, ही आशा तेवढी मावळते. परिस्थितीचा आग्रह धरणाऱ्यांनी हा दाखला गळ्यात बांधून हिंडावे, कारण परिस्थिती बदलली की खोटे होकारही वाढतात. खाऱ्या माध्यमाचा अर्क परीक्षेच्या बशीवर टाकला आणि भोवती स्वच्छ वलय उमटले, तर ते वलय बुरशीच्या द्रव्याचे की अर्कात उरलेल्या क्षारांचे? माध्यम आम्ल झाले असेल तर ते आम्लतेचे की औषधाचे? तेव्हा बुरशी न टाकलेले तेच माध्यम, तितकेच दिवस, तितक्याच उष्णतेत ठेवून त्याचाही अर्क शेजारी मांडलाच पाहिजे. ज्या दाव्याजवळ ही साक्ष नाही तो फेटाळण्यास मी एक क्षण घेणार नाही.

परिस्थितीचे महत्त्व पद्धतशीरपणे पुढे मांडले ते जर्मनीतील गटिंगेन येथील ॲक्सेल झेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एक वाण, अनेक द्रव्ये, असे त्यांच्या सिद्धांताचे सूत्र आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ॲस्परजिलस ओक्रेसियस या बुरशीचे उदाहरण आहे : जिच्यापासून आधी एकच द्रव्य ज्ञात होते, तिला निरनिराळ्या भांड्यांत आणि निरनिराळ्या रीतींनी वाढविले असता आणखी पंधरा द्रव्ये मिळाली. भांडे बदलणे हा शब्दशः अर्थ येथे घ्यावयाचा आहे. चंबू, स्थिर बाटली, ढवळते पात्र, इतकाच तो फरक. भाताचे उदाहरण आपल्या घरातले आहे. समुद्री बुरशींवर काम करणारे अनेक संशोधक द्रव माध्यम सोडून चंबूत शंभर ग्रॅम तांदूळ आणि जेमतेम तितकेच पाणी घालून, दाबाखाली शिजवून, त्या भातावर बुरशी पेरतात. तीनचार आठवडे तो चंबू हलवीत नाहीत. शिते आधी पांढुरक्या जाळीने एकमेकांना धरतात, मग हिरवी, नारिंगी वा तांबूस होतात, चंबूच्या काचेवर मधाच्या रंगाचे थेंब साचतात. आणि द्रव माध्यमात मौन धरलेल्या वाणाच्या या भातातून अनेकदा द्रव्यांची समृद्धी निघते.

आता व्यवहाराचा प्रश्न, जो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाच माध्यमे, तीन खारेपणा, तीन उष्णतामान, हलते व स्थिर असे दोन प्रकार, आणि तपासणीचे तीन दिवस एवढीच विविधता धरली तरी एका वाणामागे दोनशे सत्तर संवर्धने होतात. शंभर वाणांस सत्तावीस हजार. कोणती प्रयोगशाळा हे करू शकेल? कोणतीही नाही, आणि कोणी करावे असे मी म्हणतही नाही. जीव जेथून आणला त्या जागेवरून अनुमान बांधून पाचसहा परिस्थिती निवडाव्यात : एक समृद्ध आणि एक दरिद्री माध्यम, एक समुद्राच्या पाण्यातले, एक निम्म्या खारेपणाचे, शक्य तेथे एक भाताचे, आणि एक त्याच ढलपीवरून मिळालेल्या जिवाणूच्या सोबतीचे. जनुकसंच वाचण्याचा खर्च आता आटोक्यात आला आहे. तो वाचून ज्या वाणाच्या पेटीत सनदा अधिक आहेत त्याच्यावर अधिक श्रम घ्यावेत. हे केल्यावरही काही न मिळाले तर ‘या या परिस्थितीत आढळले नाही’ असे लिहावे. ‘निष्क्रिय’ हा शब्द तेवढा लिहू नये.

मला सर्वांत अधिक खटकते ते हे की, हे शहाणपण आपल्या मुलुखात नवे नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. तेथे पेनिसिलिनाची प्रचंड पात्रे चालली आणि त्याच आवारात एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून, पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून, हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघाले. किण्वनाच्या कारखान्यात पाळीवरचा कामगारसुद्धा पात्रातली हवा, साखर, सामू आणि उष्णता तासातासाने नोंदवितो, कारण त्यांतील एक बिघडले तर पात्रातला सगळा माल वाया जातो हे त्याला ठाऊक असते. उत्पादनाच्या वेळी जी दक्षता सहज सुचते ती शोधाच्या वेळी आपण बाळगीत नाही. कारखान्यात आढळणाऱ्या नोंदवहीत परिस्थितीचे दहा रकाने असतात आणि शोधाच्या प्रयोगशाळेत एकही नसतो, हे उफराटे आहे. कारण कारखान्याजवळ जे द्रव्य आहे ते ठाऊक असते, शोधणाऱ्याला तर ते अजून ओळखावयाचे असते.

आणि काळ अनुकूल नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला आहे. ब्रोत्सूंच्या बुरशीने दिलेल्या औषधांच्या अनेक पिढ्यांना विषमज्वराचे आणि इतर रोगांचे जंतू आता एकेक करून ओलांडू लागले आहेत. नव्या द्रव्यांसाठी आपण दूरच्या गर्तांकडे पाहतो, ते योग्यच आहे. पण आपल्याच शीतकपाटांतून पूर्वी काढून टाकलेल्या वाणांपैकी किती जणांना आपण नीट विचारले होते?

विद्यापीठांतल्या, महाविद्यालयांतल्या, किनाऱ्यावरच्या लहानमोठ्या प्रयोगशाळांतल्या माझ्या तरुण मित्रांना माझी विनंती एवढीच आहे. उद्या सकाळी नोंदवही उघडाल तेव्हा शेऱ्याच्या आधी सहा रकाने आखा : माध्यम, पाणी, सामू, उष्णता, दिवस, सोबत. ते भरल्यावाचून शेरा लिहू नका. आणि शेरा काहीही असो, त्या बुरशीची एक कुपी गोठवून जपून ठेवा, तिच्यावर क्रमांक घाला, आणि ती टाकून देण्याची परवानगी कोणालाही देऊ नका.